रॅम्पला मराठीत काय म्हणावं? उतार की चढ?

भूलवाली, अंबाजोगाई: नर्सिंगच्या मुलींसाठी मराठी तक्ता करायलेय. लठ्ठ पेशंटला भूल द्यायच्या आधी पाठीखाली चादरींच्या घड्या रचून रॅम्प करतात. मी लिहिलं, ‘उतारावर झोपवा’. काल वॉर्डबॉयनं टेबलाचं डोकंच खाली केलं! म्हणतो, ‘मॅडम, उतार म्हणल्यावर खालीच न्हाई का?’ शब्द सुचवा.

परभणीकर: त्याचं काय चुकलं? घाट उतरून कोणी वर जातं का? चढ लिहा.

शुद्धमती: ‘आरोहशय्या’. आणि ‘भूल’ कशाला? ‘संज्ञाहरण’ म्हणा.

परभणीकर: सीताहरण झाल्यागत वाटायलंय, सर. भूल सगळ्यांना कळते.

औसेकर: आमची आजी म्हणायची, ‘उसं उंच कर’. उसं म्हणजे नुसती उशी नव्हे, निजणाऱ्याची डोक्याकडची बाजू. उसं-पायतं. उशी शब्दाचं मूळच ‘उच्छीर्षक’, म्हणजे डोकं वर. ‘उंच उसं’ लिहून टाका.

भूलवाली: उसं गोड आहे दादा, पण घोळ तिथंच होतो. पोरी डोक्याखाली एक उशी सारून मोकळ्या. सडपातळ माणसाला तेवढ्यानं भागतं: मान पुढं, तोंड जरा वर, फूल हुंगल्यागत. जाड माणसाला पाठीपासून उचलावं लागतं, कानाचं भोक आणि गळ्याखालची हाडाची खाच एका आडव्या रेषेत येईस्तोवर. तसं केलं तर घशातून श्वासाची नळी घालताना आतलं नीट दिसतं. सपाट निजवला की पोट छातीखालच्या श्वासाच्या पडद्याला वर रेटतं, फुप्फुसात हवेचा साठा फारसा उरत नाही, आणि भुलीनं श्वास थांबला की रक्तातला ऑक्सिजन भराभर उतरतो. म्हणून भुलीआधीचा ऑक्सिजनसुद्धा डोक्याकडची बाजू 25 अंश वर करूनच देतो.

परभणीकर: बघा, ऑक्सिजनपण ‘उतरतो’च!

नांदेडची लेक: मग ‘लोड’ म्हणा की. बैठकीत पाटील रेलतात तसा.

भूलवाली: लोड गोल असतो ताई, कंबरेशी पोकळी राहते. हे कंबरेपासून डोक्यापर्यंत चढत जायला पाहिजे.

नांदेडची लेक: आणि ‘लठ्ठ’ काढा. माझ्या जावेनं केसपेपरवर वाचलं अन् दोन दिवस जेवली नाही. ‘स्थूल’ बरं.

औसेकर: स्थूल म्हणल्यानं वजन घटतं का? आमच्याकडं ‘अंगानं भरलेली’ म्हणतात. बरं, चादरी कशाला, वाकळीची घडी जास्त टिकेल.

शुद्धमती: वाकळ नव्हे, गोधडी.

औसेकर: गोधडी पातळ, वाकळ जाड. दोन्ही वेगळ्या.

परभणीकर: आमच्याकडं उलटं आहे बरं का.