मदत हवी आहे : गोराईतली खाजणाची भातशेती, बांध आणि राता भाताचं बियाणं

नमस्कार मंडळी. आमची मुंबईतल्या गोराईत थोडी खारजमीन (खाडीकाठची खाजण जमीन) आहे. पावसाळ्यात भात, शेतातच निवट्या मासे, मुठे खेकडे आणि सकाळी बगळ्यांची रांग. आता मोजकीच घरं लावणी करतात. बाकीचे बोरिवली-विरारला, काही परदेशात. सातबाऱ्यावर नावांची जत्रा आहे, बांधावर मात्र कोणीच नाही!

अडचण बांधाचीच. एकाची उघाडी (बांधातलं पाणी सोडायचं दार) गळली की भरतीचं पाणी सगळ्यांच्या शेतात शिरतं, त्यामुळे एकट्यादुकट्याने डागडुजी करून भागत नाही. पूर्वी गावकीने माणशी काम वाटून घ्यायची पद्धत होती, ती मोडली. शेजारी तिवरं (खारफुटी) वाढलीत. त्यांना हात लावायचा नाहीच, पण तिवरांच्या संरक्षणासाठीच्या 2018 च्या मुंबई उच्च न्यायालयाच्या निकालानंतर तिवरांपासून 50 मीटरच्या आत जुना बांध मातीने भरायचा तर परवानगी कोणाची? वन विभागाच्या कांदळवन कक्षाची की जिल्हाधिकाऱ्यांची? दोन कार्यालयांनी एकमेकांकडे बोट दाखवलं.

रायगड-पालघरकडे कोणी शेतकऱ्यांनी मिळून बांध सांभाळायचा लेखी करार केला असेल तर नमुना पाठवाल का? गैरहजर वाटेकऱ्यांकडून पैसे कसे घेता, तेही सांगा. आमच्याकडे इथेच भांडण होतं.

आणि काळा किंवा भुरा राता (खाऱ्या जमिनीत येणारा जुना भात) कोणाकडे असेल तर पेरणीआधी थोडं बियाणं हवंय. पनवेलच्या खारजमीन संशोधन केंद्राच्या सुधारित जाती माहीत आहेत, मला जुनाच हवाय. महापालिकेच्या लोक जैवविविधता नोंदवहीत (स्थानिक वाणं, झाडं, प्राणी यांची नोंद ठेवतात ती) शेतं नोंदवण्याचा अनुभव असेल तर तोही लिहा.