फ्रान्सच्या शाळेत हिजाब चालत नाही आणि इंग्लंडच्या शाळेत चालतो, असं का?

मेघना_नाशिक

नमस्कार मंडळी. नवऱ्याची बदली ल्योंला झालीय, सप्टेंबरपासून मुलगी तिथल्या सरकारी शाळेत सहावीला जाणार. अॅडमिशनच्या कागदांबरोबर नियमावली आली, त्यात एक कलम आहे की धर्म ठळकपणे दिसेल अशी कुठलीही खूण किंवा पोशाख शाळेत घालायचा नाही, खाली २००४ च्या कायद्याचा उल्लेख. मुलीच्या गळ्यात आजीनं दिलेलं गणपतीचं छोटं लॉकेट असतं, तिला त्याचीच काळजी.

माझा प्रश्न जरा मोठा आहे. माझी नणंद लेस्टरला असते, तिच्या मुलाच्या वर्गात मुली युनिफॉर्मच्या रंगाचा स्कार्फ बांधून येतात, शीख मुलं पटका बांधून येतात, कोणाला काही वाटत नाही. दोन्ही देश शेजारी, दोन्हीकडे लोकशाही, दोन्हीकडे लाखो मुसलमान राहतात. मग एवढा फरक कसा? फॅमिली ग्रुपवर विचारलं तर दोनच उत्तरं, एक तर पाश्चात्यांना इस्लामचा द्वेष आहे, नाहीतर मुसलमान कुठेच मिसळत नाहीत. तिकडे राहणाऱ्यांनी प्लीज नीट सांगा, मुलीला उत्तर द्यायचंय.

सातारकर_स्ट्रासबूर्ग

लॉकेटचं आधी सांगतो, बिनधास्त घालू दे. मनाई आहे ती डोळ्यात भरणाऱ्या गोष्टींना, म्हणजे हिजाब, ज्यूंची टोपी, भलामोठा क्रॉस. शर्टाच्या आत राहणारं लॉकेट चालतं. आणि कायदा फक्त सरकारी शाळेतल्या विद्यार्थ्यांना आहे, युनिव्हर्सिटीत नाही, मुलांना न्यायला फाटकाशी येणाऱ्या आयांनाही नाही.

आता मोठा प्रश्न. फ्रान्समधलं हे भांडण मुसलमान मोठ्या संख्येनं यायच्या खूप आधीचं आहे आणि ते मुळात कॅथलिक चर्चशी आहे. १७८९ च्या क्रांतीनंतर शंभरेक वर्षं प्रजासत्ताकवाले आणि चर्च यांचं हाडवैर चाललं, आणि पोरांना कोणी शिकवायचं, पाद्र्यानं की सरकारी मास्तरनं, हा त्यातला कळीचा मुद्दा. १८८० च्या दशकात सरकारी शाळांतून धर्मशिक्षण काढलं, १९०५ ला कायदा करून सरकार आणि चर्च वेगळे केले. त्यामुळे फ्रेंच माणसाला शाळा ही धर्माच्या हातून भांडून सोडवून आणलेली जागा वाटते. इंग्लंडचं वळणच वेगळं. राजा आजही चर्च ऑफ इंग्लंडचा प्रमुख, वरच्या सभागृहात २६ बिशप बसतात, चर्चच्या शाळांना सरकारी पैसा मिळतो. एका धर्माला एवढं आत घेतल्यावर बाकीच्यांना नाही कसं म्हणणार, म्हणून कॅथलिक, ज्यू आणि १९९८ पासून मुस्लिम शाळांनाही अनुदान मिळायला लागलं.

पण एवढंच सांगून थांबलो तर फ्रान्सला फार स्वस्तात सोडल्यासारखं होईल. अल्जीरियावर त्यांनी १८३० पासून १९६२ पर्यंत राज्य केलं, आणि तिथं १९०५ चा कायदा मुसलमानांच्या बाबतीत प्रत्यक्षात पाळलाच नाही, मशिदी आणि इमाम सरकारनं आपल्या मुठीत ठेवले. मे १९५८ मध्ये, स्वातंत्र्ययुद्ध पेटलेलं असताना, अल्जियर्समध्ये भर चौकात मुसलमान बायकांनी बुरखे उतरवायचे जाहीर कार्यक्रम झाले, त्यामागे फ्रेंच लष्कर होतं. ज्या घरातल्या आजीला हे आठवतं त्या घरातल्या नातीला फाटकाशी स्कार्फ काढ म्हटलं की ते नुसतं नियमावलीतलं कलम राहत नाही हो. टीव्हीवरच्या चर्चांमध्ये याबद्दल कोणी बोलत नाही, मला ते फार खटकतं.

आणि मी राहतो त्या आल्सासमध्ये तर १९०५ चा कायदा आजही लागू नाही, कारण तेव्हा हा भाग जर्मनीत होता. इथं पाद्री आणि रब्बींना सरकार पगार देतं, सरकारी शाळेत धर्माचा तास असतो, त्यात इस्लाम नाही. पण याच जुन्या व्यवस्थेमुळे २०१२ ला उघडलेल्या स्ट्रासबूर्गच्या मोठ्या मशिदीच्या बांधकामाला महापालिकेला उघडपणे पैसे देता आले. शाळेतली हिजाबबंदी मात्र इथंही आहेच. एकाच देशात इतकी तऱ्हा, तर सगळ्या पश्चिमेबद्दल एक वाक्य कसं बोलणार?

खेडची_बर्मिंगहॅममध्ये

मेघनाताई, मी खेड तालुक्यातली, कोकणी मुसलमान, लग्न होऊन इकडे आले. इंग्लंडचं वर लिहिलंय ते बरोबर आहे, पण इथंही सगळं आलबेल समजू नका. इथं युनिफॉर्म प्रत्येक शाळा ठरवते. लुटनच्या एका शाळेत सलवार-कमीज आणि स्कार्फ आधीपासून चालायचा, आसपासच्या मशिदींना विचारून ठरवलेला, तरी एका मुलीला पायघोळ जिलबाबच घालायचा होता. केस पार हाऊस ऑफ लॉर्ड्सपर्यंत, म्हणजे तेव्हाच्या सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेली आणि २००६ ला शाळा जिंकली. मला तो निकाल पटला, कारण शाळेनं आधी लोकांशी बसून बोलणं केलं होतं.

फ्रान्सचं मला माझ्या मामेबहिणीकडून कळतं, ती पॅरिसच्या उत्तरेला राहते. मी तिच्याकडे गेले होते तेव्हा भाचीला सोडायला गेलो. फाटकाच्या थोडं अलीकडे बसस्टॉपपाशी चार-पाच पोरी थांबतात, स्कार्फ काढतात, टाचण्या एका डबीत, स्कार्फची घडी दप्तराच्या पुढच्या कप्प्यात, मोबाईलच्या कॅमेऱ्यात बघून केस सारखे करतात आणि आत जातात, सुटल्यावर परत उलटं. भाची म्हणते सवय झाली मावशी. असेल. पण २०२३ ला सरकारनं शाळेत अबायासुद्धा, म्हणजे सैल पायघोळ झगाही बंद केला, आणि त्या वर्षी तिची एक मैत्रीण बाजारातला साधा लांब ड्रेस घालून गेली तर तिला ऑफिसात बसवून विचारलं की हा धार्मिक आहे का. तोच ड्रेस दुसऱ्या आडनावाच्या मुलीनं घातला असता तर विचारलं असतं का? ड्रेस कोणाच्या अंगावर आहे ते बघून नियम लावायचा याला मी तरी निधर्मीपणा म्हणणार नाही.

आणि ग्रुपवरच्या त्या 'मिसळत नाहीत' वाल्यांना एक सांगा. ७ जानेवारी २०१५ ला पॅरिसमध्ये शार्ली एब्दो या व्यंगचित्र साप्ताहिकावरच्या हल्ल्यात १२ जण मारले गेले, त्यात रस्त्यावर जखमी पडलेल्या ज्या पोलिसाला जवळून गोळी घातली तो अहमद मेराबे मुसलमान होता. दोनच दिवसांनी ज्यू लोकांच्या सुपरमार्केटमध्ये ओलीस धरले तेव्हा गिऱ्हाइकांना तळघरात लपवणारा कामगार लासाना बातिली मालीचा, तोही मुसलमान, फ्रान्सनं त्याला नागरिकत्व दिलं. प्रत्येक हल्ल्यानंतर आम्हाला निषेध केला का म्हणून विचारतात, ही दोन नावं मात्र विचारणाऱ्यांना माहीत नसतात.

गणिताचा_मास्तर

मी पॅरिसच्या उपनगरात सरकारी शाळेत गणित शिकवतो आणि मला २००४ चा कायदा पटतो, म्हणून दुसरी बाजू मांडतो. १९८९ ला क्रेईल गावात तीन मुलींनी स्कार्फ काढायला नकार दिला तिथून हे सुरू झालं. तेव्हा सर्वोच्च प्रशासकीय न्यायालयानं सांगितलं की सरसकट बंदी नको, प्रसंग बघून ठरवा, म्हणजे पुढची जवळजवळ पंधरा वर्षं प्रत्येक मुख्याध्यापकानं एकट्यानं ठरवायचं आणि एकट्यानं शिव्या खायच्या. ज्या पोरींना घालायचा नव्हता त्यांच्यावर मोठ्या भावांचा, गल्लीतल्या पोरांचा दबाव यायचा, या प्रश्नावर सरकारनं नेमलेल्या २००३ च्या स्ताझी समितीसमोर हे लोकांनी येऊन सांगितलंय. अशा पोरीला 'शाळा घालू देत नाही' एवढं एक वाक्य घरी सांगता येतं, तिच्यासाठी ते फार मोठं आहे.

आणि १६ ऑक्टोबर २०२० ला साम्युएल पाती या इतिहासाच्या शिक्षकाचा शाळेजवळ गळा चिरला, कशासाठी तर वर्गात अभिव्यक्तिस्वातंत्र्याच्या धड्याला पैगंबरांची व्यंगचित्रं दाखवली म्हणून. त्यानंतर वर्गात काही विषय काढताना आम्ही सगळेच दोनदा विचार करतो. ही भीती खरी आहे, तिला कोणी नुसता द्वेष म्हटलं तर मला त्रास होतो.

खेडच्या ताई, त्या ड्रेसचं तुम्ही लिहिलंत ते चूकच, नावावरून पोशाखाचा धर्म ठरवणं मला अजिबात मान्य नाही. आणि सरकारनं एक गोष्ट फार वाईट केली. त्याच स्ताझी समितीनं असंही सुचवलं होतं की ज्यूंचा योम किप्पुर आणि मुसलमानांची बकरी ईद या दोन दिवशी शाळांना सुट्टी द्या. बंदीची शिफारस तेवढी घेतली आणि सुट्ट्या टाकून दिल्या! ख्रिसमसला सुट्टी, ईस्टर सोमवारला सुट्टी, ईदला नाही. माझ्या वर्गात ईदच्या दिवशी निम्मी बाकं रिकामी असतात, तरी तो कामाचा दिवस. बंदीबरोबर ती सुट्टी दिली असती तर पोरांना निदान दिसलं असतं की समितीनं त्यांचाही विचार केला होता.

सातारकर_स्ट्रासबूर्ग

मास्तर, दबावाचं तुम्ही म्हणता ते खरं, पण ज्या पोरीला मनापासून घालायचा आहे तिचं काय याचं उत्तर कायद्यात नाही. ती मग खासगी कॅथलिक शाळेत जाते, तिथं हा कायदा लागू नाही. मला हे बघूनच वाटतं की कुठेतरी चुकलंय. शिखांचंही तेच झालं, त्यांच्याशी कोणाचं भांडण नव्हतं तरी पगडीमुळे काही मुलांना शाळेतून काढलं. त्यातल्या एकाच्या तक्रारीवर युनोच्या मानवी हक्क समितीनं २०१२ ला फ्रान्सविरुद्ध मत दिलं, कायदा तसाच राहिला. चेहरा झाकण्यावरची २०१० ची बंदी युरोपियन मानवी हक्क न्यायालयानं २०१४ ला उचलून धरली आणि युनोच्या त्याच समितीनं २०१८ ला चूक ठरवली. मोठमोठ्या आंतरराष्ट्रीय संस्थांचंच आपसात जमत नाहीये यावर.

मेघना_नाशिक

सगळ्यांचे खूप आभार, मुलीला बसवून वाचून दाखवलं. तिला बसस्टॉपवरच्या मुलींचं फार लागलं, म्हणाली त्या माझ्या वर्गात असतील तर मी त्यांच्याबरोबर थांबेन. एक राहिलंच, आम्ही शाकाहारी आहोत, कँटीनचं काय?

गणिताचा_मास्तर

नोव्हेंबर २०१९ पासून आठवड्यातून एकदा शाकाहारी जेवण द्यायची शाळांना सक्ती आहे. बाकी दिवशी वेगळा पर्याय ठेवायचा की नाही हे स्थानिक प्रशासन ठरवतं, हेही भांडण डुकराच्या मांसावरून कोर्टात गेलं होतं. २०२० ला निकाल लागला की पर्याय द्यायची सक्ती नाही आणि मनाईही नाही. तुम्ही अॅडमिशनच्या वेळीच लेखी विचारून ठेवा, बऱ्याच ठिकाणी बिनमांसाचं ताट मिळतं आणि त्या रांगेत हिंदू, मुसलमान, ज्यू सगळीच पोरं असतात.