मदत हवी आहे: वाटाघाटीत ग्रामसभेची बाजू कशी मांडायची?

नमस्कार. मी लॉच्या शेवटच्या वर्षाला आहे. वाटाघाटीच्या सरावासाठी आम्हाला गडचिरोलीतलं एक काल्पनिक गाव दिलंय: समोर खाण कंपनी, मी ग्रामसभेकडून. 2006चा वनहक्क कायदा, पेसा (आदिवासी भागांत ग्रामसभेला अधिकार देणारा कायदा), नियमगिरीचा 2013चा निकाल (ओडिशातल्या खाणीचा प्रश्न ग्रामसभांपुढे ठेवायला सांगणारा, सुप्रीम कोर्टाचा) वाचून झालाय. अडतंय पुढेच. कंपनीने थेट भरपाईचा आकडा पुढे केला, तर ग्रामसभेच्या ठरावाशिवाय मी हो म्हणूच शकत नाही ना? निम्म्या सदस्यांचा कोरम (किमान हजेरी), हजर असलेल्यांत एक तृतीयांश महिला, हे गावातच बसून व्हायला हवं. मग बोलणी न तोडता वेळ कसा मागायचा? आणि मोह, तेंदू, बांबूवर चालणारी घरं पैशात मोजायला माझं मन धजत नाही. अशा बैठका जवळून पाहिलेल्यांनी कृपया सांगा, शनिवारी सराव आहे.