मेकॅनिक्समधल्या ‘ॲक्शन’ला मराठीत काय म्हणावं?

परभणीकर: मंडळी, नांदेडला एमएस्सी करायलोय, क्लासिकल मेकॅनिक्स चालू आहे. शाळेत तिसरा नियम मराठीत शिकलो, क्रिया-प्रतिक्रिया. आता कण कुठल्या वाटेनं जातो ते सांगणाऱ्या हॅमिल्टनच्या तत्त्वात परत ॲक्शन आलं, मी सवयीनं वहीत ‘क्रिया’ लिहिलं अन् दोन दिवस तिची प्रतिक्रिया कुठंय ते हुडकायलो होतो 😀 हे एकच आहे का? दुसरा शब्द आहे का मराठीत?

लातूरची ताई: एकच कसं असंल रे बाबा, एकक बघ की आधी. तिसऱ्या नियमातली क्रिया म्हणजे बल, न्यूटनमधे. ही ॲक्शन ज्यूल-सेकंदात, प्लांकच्या स्थिरांकाचं एकक पण हेच. गतिज ऊर्जेतून स्थितिज वजा केली की लॅग्रांजियन, ते निघाल्यापासून पोचेपर्यंतच्या वेळेवर इंटिग्रेट केलं की ॲक्शन. मी पोरांना असं सांगते, परभणीहून निघायची अन् नांदेडला पोचायची वेळ पक्की, मधे पूर्णेवरून जा नाहीतर वसमतवरून, कुठं जोरात कुठं हळू, अशा प्रत्येक जाण्याचा एक आकडा निघतो. कण खरा जातो तो अशा वाटेनं जिथं वाट जराशी इकडंतिकडं सरकवली तरी आकडा जवळजवळ हलत नाही. या तत्त्वाला ‘लघुतम क्रिया’ म्हणतात पण दरवेळी तो कमीत कमी असतोच असं नाही, म्हणजे त्या नावातले दोन्ही शब्द फसवे!

जालनेकर: मग ‘करणी’ म्हणा की.

बीडकर: हां, फळ्यावर ‘कणाची करणी’ लिहा, पोरं दुसऱ्या दिवशी लिंबू-मिरची घेऊन येतील.

जालनेकर: 😂 पण घोळ मराठीनं नाही केला. न्यूटननं १६८७ ला लॅटिनमधे ‘आक्तिओ’ लिहिलं ते तिसऱ्या नियमासाठी, अन् १७४० च्या दशकात फ्रेंच शास्त्रज्ञ मोपेर्त्युईनं त्याच शब्दाचा फ्रेंच अवतार वस्तुमान गुणिले वेग गुणिले अंतर याला लावला. आपण फक्त उसनवारी केली.

बीडकर: माझं मत, तिसऱ्या नियमात ‘क्रिया बल’ असं पूर्ण लिही, शालेय पुस्तकात तसंच आहे. अन् इथं सरळ ॲक्शन. लॅग्रांजियनला तरी कुठं मराठी केलंय आपण.

परभणीकर: जमलं. वही दुरुस्त केली. आता ‘व्हर्च्युअल वर्क’ला आभासी कार्य लिहिलंय, ते तरी बरोबर आहे का, का तिथं बी काही निघतंय?