मदत हवी आहे: आठवड्याला १४ तासांत ऑनलाइन बीकॉम झेपेल का?

धाकट्या भावासाठी विचारतोय. चाकणला तीन पाळ्यांत नोकरी, पाळी दर आठवड्याला बदलते. विद्यापीठ यूजीसीच्या यादीत आहे हे पाहिलंय, डेब आयडीही (ऑनलाइन प्रवेशासाठी लागणारा यूजीसीचा ओळख क्रमांक) काढलाय. तेव्हा प्रश्न मान्यतेचा नाही, जमण्याचा आहे.

अंदाज यावा म्हणून त्याने आधी एनपीटेलचा (आयआयटींचं ऑनलाइन कोर्सचं व्यासपीठ) १२ आठवड्यांचा कोर्स करून पाहिला. व्हिडिओ मोबाइलवर बसमध्ये होतात. असाइनमेंट मात्र ४ राहिल्या, चारही रात्रपाळीच्या आठवड्यांतल्या. तिथे १२ पैकी सर्वोत्तम ८ धरतात म्हणून निभावलं. पदवीत अशी सूट मिळेलच असं नाही.

खरी अडचण तासांची. एका क्रेडिटला ३० तास धरले तर २० क्रेडिटच्या सत्राला ६०० तास, म्हणजे २४ आठवडे दर आठवड्याला २५. त्याला जेमतेम १४ मिळतात, त्यातले ८ रविवारी. पाळी किंवा नोकरी बदलणं शक्य नाही. अकाउंटन्सीची उदाहरणं वहीत सोडवावी लागतात, नुसतं ऐकून ताळेबंद जुळत नाही, त्याचीच धास्ती जास्त आहे.

नोकरी सांभाळून ऑनलाइन बीकॉम केलेल्यांनी कृपया सांगा: अकाउंटन्सीला आठवड्याला प्रत्यक्षात किती तास लागले? की त्याच्यासाठी रविवारी वर्ग घेणारं मुक्त विद्यापीठाचं अभ्यासकेंद्रच बरं?