मदत हवी आहे: सीटीएफच्या नियमांत 'फ्लॅग वाटू नये' एवढंच लिहून भागतं का?

नमस्कार मंडळी,

मी नांदेडकडच्या एका कॉलेजात लॅब सांभाळतो. गेल्या वर्षी आम्ही पोरांसाठी छोटी सीटीएफ घेतली, म्हणजे कॅप्चर द फ्लॅग. मुद्दाम कच्ची ठेवलेली वेबसाइट किंवा गुंतवलेली फाइल द्यायची, तिच्यात दडवलेली ओळ, म्हणजे फ्लॅग, शोधून स्कोअरबोर्डवर टाकली की गुण. चार-चार जणांच्या अकरा टीम, वेळ सहा तास. परभणी-हिंगोलीहूनही पोरं आली होती.

नियम दोनच होते. दुसऱ्या टीमला फ्लॅग देऊ नये. सर्व्हरवर हल्ला करू नये. वाटलं, पुरे झालं.

चहापर्यंत एका टीमचा भोपळा. चहानंतर नऊ मिनिटांत तीन फ्लॅग, आणि तेही पहिल्या नंबरच्या टीमनं ज्या क्रमानं सोडवले त्याच क्रमानं. लॉग, म्हणजे सर्व्हरवरची नोंद, काढला तर तिसऱ्या प्रश्नाची फाइल या टीमनं डाउनलोडच केली नव्हती! विचारलं, तर म्हणाले, "सर, नेट लई मंद होतं, पेनड्राइव्हवर घेतली." कुणाकडून? त्याच पहिल्या टीमकडून. दोन्ही टीममधली पोरं एकाच गावची, एकाच खोलीत राहणारी. "फाइल दिली सर, फ्लॅग नाही दिला." आता यावर काय बोलणार? फाइल देऊ नये असं आम्ही लिहिलंच नव्हतं.

दुसरा घोळ याहून मोठा. एका टीमनं लपलेली पानं शोधायचं टूल थेट स्कोअरबोर्डवरच सोडलं. आमच्या अख्ख्या लॅबचं नेट एकाच पब्लिक आयपीवरून, म्हणजे एकाच इंटरनेट पत्त्यावरून, बाहेर जातं. स्कोअरबोर्डच्या प्लॅटफॉर्मनं तो आयपी अडवला आणि अकराच्या अकरा टीम वीस मिनिटं हात चोळत बसल्या. टीमचं उत्तर ऐका: "हल्ला करू नये म्हणता, आणि स्पर्धाच हल्ल्याची!" खोटं नव्हतं ते.

यंदा परत घ्यायलोत. नियम कसे लिहावेत? एआय वापरू द्यावं का? आणि फ्लॅग दाबून ठेवून शेवटच्या पाच मिनिटांत टाकणाऱ्यांचं काय करायचं?

प्रतिसाद १

फाइल-फ्लॅगचा वाद नियमानं कमी आणि रचनेनं जास्त मिटतो. प्रत्येक टीमचा फ्लॅग वेगळा ठेवा. अकराच टीम आहेत, तर टीमचं नाव आणि तुमची गुप्त किल्ली एचमॅकमधून (किल्लीशिवाय कुणाला बनवता येणार नाही अशी खूण काढायची पद्धत) काढून जी ओळ येईल ती फ्लॅगमध्ये घाला आणि त्या-त्या टीमची फाइल स्क्रिप्टनं बनवा. मग 'अ'चा फ्लॅग 'ब'नं टाकला की चोर स्वतःच्या पायानं चालत येतो. युक्ती कानात सांगितली तर मात्र हे पकडत नाही. त्यासाठी पहिल्या तीन टीमना बक्षिसाआधी पाच मिनिटं फळ्यापाशी उभं करा. ज्यानं सोडवलंय तो अडखळत का होईना, सांगतो.

गुण घटते ठेवा. जितक्या जास्त टीम सोडवतील तितकी त्या प्रश्नाची किंमत सगळ्यांसाठीच उतरते. म्हणजे फ्लॅग वाटणारा स्वतःचेही गुण कापून घेतो. खोलीतल्या मित्रापुढे हे गणित चालेलच असं नाही, पण दहा जणांना वाटायचा मोह जातो.

एआयला बंदी घालाल तर ती पाळली का हे तपासता येणार नाही. उघड परवानगी द्या, फळ्यापाशी कळेलच. फ्लॅग दाबून ठेवणं मला स्वतःला आवडत नाही, पण नियमात नसेल तर तो डाव आहे, लबाडी नव्हे. नकोच असेल तर आधी लिहा. निकाल लागल्यावर लिहू नका.

प्रतिसाद २

'सर्व्हर' हा शब्दच काढून टाका. कोणत्या पत्त्यावर आणि कोणत्या पोर्टवर (त्या मशीनच्या कोणत्या क्रमांकाच्या दारावर) हात चालवायचा ते लिहा, बाकी सगळं बंद. स्कोअरबोर्ड, लॅबचा राउटर, दुसऱ्या टीमचे लॅपटॉप, कॉलेजची निकालाची साइट ही नावं घेऊन बंद करा. हे पोरांच्याच भल्याचं आहे. २००० च्या माहिती तंत्रज्ञान कायद्याचं कलम ४३ मालकाच्या परवानगीविना संगणकात शिरण्याबद्दल आहे, आणि तेच लबाडीनं केलं तर कलम ६६ खाली तीन वर्षांपर्यंत कैद, पाच लाखांपर्यंत दंड किंवा दोन्ही. तुमची परवानगी तुमच्या मशीनपुरतीच. पत्त्यातला एक आकडा चुकून निकालाच्या साइटवर स्कॅन गेला, तर 'सर, स्पर्धा चालू होती' हे कोण ऐकणार?

आणि फ्लॅग अंदाजानं टाकत बसणाऱ्यांना आयपीवर नाही, टीमच्या खात्यावर आवरा. तुमच्याकडे आयपी एकच आहे.

धागाकर्ता

दोघांचेही आभार. खात्यावर आवरायचं डोक्यातच आलं नव्हतं. पत्त्यांची यादी आज रात्री बसून करतो, एचमॅकची स्क्रिप्ट एका विद्यार्थ्याकडून लिहून घेईन. (तो स्पर्धेत नाही, आधीच विचारलं!)

एक राहिलंच. मधेच लाइट गेली तर? लॅपटॉपवाले चालू राहतात, लॅबच्या पीसीवाले बसून राहतात. घड्याळ सगळ्यांचं थांबवायचं, की पीसीवाल्यांना तेवढा वेळ वाढवून द्यायचा? कुणी केलंय का असं?