ऑफिसात व्हीपीएन जोडतो, बाहेरून एरर 809

यार्ड_सांगली:
मार्केट यार्डात हळदीच्या अडत पेढीचं ऑफिस आहे. विंडोज सर्व्हर 2019 वर राउटिंग अँड रिमोट अ‍ॅक्सेस सुरू करून एल2टीपी व्हीपीएन (बाहेरून ऑफिसच्या नेटवर्कमध्ये यायची सुरक्षित वाट) लावलाय. ऑफिसच्या वायफायवरून जोडतो, तासगावला मुनीमजींच्या घरून मात्र 809, म्हणजे सर्व्हरशी जोडणीच होत नाही. राउटरवर यूडीपी 500, 4500 आणि 1701 हे पोर्ट सर्व्हरकडे फॉरवर्ड केलेत. राउटरचा वॅन (बाहेरच्या बाजूचा) आयपी 100.72 ने सुरू होतो. लॅनची (आतल्या नेटवर्कची) रेंज दोन्हीकडे 192.168.1 चीच. कुठं अडलंय?

मिरजकर:
100.72 मध्येच अडलंय. 100.64 ते 100.127 ही रेंज सीजीनॅटची. एकच पब्लिक आयपी इंटरनेट कंपनीनं बऱ्याच गिऱ्हाइकांत वाटलेला असतो, त्यामुळं बाहेरचं पॅकेट तुमच्या राउटरपर्यंत येतच नाही. फॉरवर्ड कशाला करणार? आधी स्टॅटिक (न बदलणारा) पब्लिक आयपी मागा.

तो आला तरी 809 राहू शकतो, कारण सर्व्हर नॅटच्या (राउटर आतले-बाहेरचे पत्ते बदलतो त्या सोयीच्या) मागं आहे आणि विंडोज क्लायंट अशा सर्व्हरशी मुळात आयपीसेक (एल2टीपीभोवतीचं एन्क्रिप्शन) जोडत नाही. तासगावच्या पीसीवर रजिस्ट्रीत HKLM\SYSTEM\CurrentControlSet\Services\PolicyAgent खाली 'AssumeUDPEncapsulationContextOnSendRule' ही डीवर्ड (आकडी नोंद) बनवून व्हॅल्यू 2 द्या आणि रीस्टार्ट करा. 1701 चं फॉरवर्डिंग काढा. तो 4500 च्या आतूनच जातो, उगाच उघडा कशाला?

पुढं 789 आला तर प्रीशेअर्ड की (दोन्हीकडे सारखीच टाकायची गुप्त की) तपासा. 691 आला तर पासवर्ड, नाहीतर युजरच्या डायल-इन टॅबमधली परवानगी.

कृष्णाकाठ:
रेंज आत्ताच बदला. दोन्हीकडे 192.168.1 असली की व्हीपीएन जोडलेला दिसेल, पण सर्व्हरचा पत्ता पीसी घरातच शोधत बसेल. ऑफिसचं 192.168.47 करा; प्रिंटर आणि डीव्हीआरचे हातानं दिलेले आयपीही बदलावे लागतील, ते हमखास विसरतात. व्हीपीएनसाठी 201 ते 220 चा स्टॅटिक पूल द्या आणि तेवढे पत्ते डीएचसीपीतून (आपोआप पत्ते वाटणाऱ्या सेवेतून) वगळा.

टॅलीचा डेटा शेअर्ड फोल्डरमधून व्हीपीएनवर उघडू नका. कासवगतीनं चालतो, मध्येच लाइन गेली तर डेटा बिघडतो. व्हीपीएन जोडून रिमोट डेस्कटॉपनं सर्व्हरवरच चालवा. त्याचा पोर्ट 3389 थेट इंटरनेटवर मात्र उघडायचा नाही.

यार्ड_सांगली:
स्टॅटिक आयपीला वेगळे पैसे मागतायत. त्याशिवाय?

मिरजकर:
भाड्याचा छोटा क्लाउड सर्व्हर घ्या, त्यावर वायरगार्ड (दुसऱ्या प्रकारचा व्हीपीएन). ऑफिस आणि तासगाव दोघंही तिथं बाहेर जाऊन जोडतील, यूडीपी 51820 फक्त क्लाउडवर उघडा. ऑफिसच्या बाजूला पर्सिस्टंट कीपअलाइव्ह 25 (दर 25 सेकंदांना एक रिकामं पॅकेट) हवाच. नाहीतर थोडा वेळ शांत गेला की नॅटमधली नोंद पुसली जाते आणि तासगावहून ऑफिस सापडत नाही. भाडं आणि आयपीचे पैसे शेजारी मांडून बघा. आयपी परवडत असेल तर तोच घ्या, सांभाळायला एक मशीन कमी.